ब्रदरला सोपवायचं का?

आमच्या गावच्या नाताळ अंकात दरवर्षी एखादे निवृत्त शिक्षक, एखादी नर्स, नाहीतर बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेलं कुणीतरी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितं. यंदा संपादक मंडळातल्या ग्रेस टीचरनी मला मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवरच गाठलं. म्हणाल्या, तू एवढी वर्षं काँप्युटरवर होतीस, नक्की काय करायचीस ते आम्हाला कळू तरी दे. त्यांची चूक नाही. माझे पप्पासुद्धा भुईगावात सगळ्यांना हेच सांगत आले, ‘जसिंता काँप्युटरवर असते.’ जणू मी छपराच्या कौलांवर असते.

मी तक्रारखात्यात होते. वसई पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिथे आम्ही दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायचो. आधी मोबाइलची बिलं, मग विमानात हरवलेल्या बॅगा आणि शेवटची सहा वर्षं एक व्हिडिओ गेम. गाऱ्हाणं आलं की त्याला नंबर पडतो. त्याला आम्ही तिकीट म्हणतो. तिकीट उघडायचं, वाचायचं, तयार उत्तरांच्या यादीतलं योग्य उत्तर निवडायचं, नाव बदलायचं, पाठवायचं, बंद करायचं. दुपारी बारा ते रात्री नऊ. लॉकडाऊननंतर ऑफिसने जागा सोडली आणि मी घरूनच, पुढच्या पडवीत टेबल टाकून हे करू लागले.

बॅगेचं दुःख समजायला सोपं. गेमचं दुःख समजण्यासाठी आधी गेम समजावा लागतो, म्हणून आम्हाला तीन आठवडे पगारी खेळायला बसवलं. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि पत्त्यांपलीकडे कुठलाच खेळ खेळले नव्हते.

गेम असा होता. उत्तरेकडच्या एका बेटावरच्या जुन्या राजाच्या दंतकथा आहेत ना, तलवारी, सरदार, जादूगारणी, त्यातली सगळी चांगली माणसं मेल्यावर काय उरेल, तसं ते राज्य होतं. राजा मेलेला, पण कुणी पुरलेला नाही. सरदारांची भुतं झालेली. सगळीकडे धुकं, पडके मठ, ओस गावं. खेळणाऱ्याने या राज्यात हवं तिकडे भटकायचं. अमुक रस्त्यानेच जा, असं कुणी सांगत नाही. डोंगर दिसला तर चढता येतो, घर दिसलं तर दार लोटता येतं. पूर्ण करायला कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष.

घरी सरावासाठी खेळताना पप्पा माझ्या मागे खुर्ची घेऊन बसायचे. त्यांनी जन्मभर केळी आणि पानवेल केलेली. भुतांचं त्यांना काही वाटलं नाही, पण एवढी सपाट, पाणथळ जमीन पडीक का ठेवली आहे, हे ते मला रोज विचारायचे. मी म्हटलं, शाप आहे. ते म्हणाले, शाप कसला, मजूर मिळत नसतील.

या गेममध्ये तुमच्याबरोबर एक सोबती असतो. मठातला एक म्हातारा साधू, ब्रदर ऑल्डन. सुरुवातीलाच मठाच्या दारात भेटतो आणि मग सगळीकडे मागून चालतो. चिलखत सांधून देतो, शेकोटीपाशी बसला की राजाच्या गोष्टी सांगतो, चढावर धापा टाकतो. लोकांचा त्याच्यावर फार जीव. आणि अर्ध्या गेमनंतर नदीच्या धक्क्यावर एक बाई नाव घेऊन उभी असते. ती म्हणते, नावेत एकालाच जागा आहे. म्हाताऱ्याला माझ्याकडे ठेवून जा. पडद्यावर प्रश्न येतो, ब्रदरला सोपवायचं का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. ‘नाही’ म्हटलं तर दलदलीतून लांबचा रस्ता, त्यात जवळचं बरंच काही गमवावं लागतं. ‘हो’ म्हटलं तर नाव मिळते आणि ब्रदर पुन्हा कधीच दिसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या तिकिटांतली निम्मी या धक्क्यावरची असायची.

कारण असं की या गेममध्ये एक कठोर रीत होती. ती निवडली तर गेम तुमची एकच जागा जपून ठेवायचा आणि पुढे जाल तशी जुनी पुसायचा. म्हणजे केलेलं फिरवता येत नाही. लोक मोठ्या हौसेने ती रीत निवडायचे आणि धक्क्यावर ‘हो’ म्हणून झालं की आम्हाला लिहायचे. वीज गेली, मांजर बसलं, बायकोने हाक मारली. सगळ्यांचं मागणं एकच, आम्हाला प्रश्नाच्या आधी परत ठेवा.

कंपनीकडे प्रत्येकाच्या गेमची एक प्रत पंचेचाळीस दिवस असायची. ती वापरायची आम्हाला परवानगी होती, पण फक्त यंत्राची चूक असेल तर. माणसाच्या चुकीला नाही. आणि चूक कुणाची हे ठरवायला नोंदवही होती. कुठलं बटण कधी दाबलं, सेकंदाच्या तुकड्यासकट सगळं त्यात असायचं. एकाने मला आठ वेळा लिहिलं की वीज गेली आणि आपोआप ‘हो’ झालं. नोंदीत दिसत होतं की प्रश्नापुढे तो चाळीस मिनिटं बसला होता आणि मग त्याने ‘हो’ दाबलं. मी त्याला तेवढंच कळवलं. पुन्हा पत्र आलं नाही.

नोंदी वाचण्यात माझा हात धरणारं आमच्या टीममध्ये कुणी नव्हतं, हे मी सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध आहे. आमची टीम लीडर सुप्रिया आचोळ्याची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ती नव्या मुलींना म्हणायची, डाउट असेल तर जसिंता ताईंना दाखवा, त्या खोटं लगेच पकडतात. मला हे आवडायचं.

कधी एखादं तिकीट मन हलकं करूनही जायचं. एका बाईंनी लिहिलं होतं की गेममधल्या मठात साधू पहाटे जे गातात ती संध्याकाळची प्रार्थना आहे. टीममधल्या मुलांना हसू आलं. मला नाही आलं, कारण ते माझ्याही कानाला खटकलं होतं. आम्ही त्या प्रार्थनेवर वाढलो. मी ते तिकीट वर पाठवलं, आणि दोन महिन्यांनी साधू योग्य वेळी गाऊ लागले. सहा वर्षांत त्या राज्यात माझ्या हाताने एवढीच सुधारणा झाली असं मी बराच काळ समजत होते.

बाकी थकवा. लोकांना वाटतं, खेळाच्या तक्रारी म्हणजे मजा असेल. रोज साठ माणसं तुम्हाला सांगतात की त्यांनी काहीतरी केलं आणि ते त्यांना परत घ्यायचं आहे. रोज साठांना तुम्ही सांगता, नाही. संध्याकाळी घशातून आवाज न काढताही घसा बसल्यासारखा वाटायचा.

तर ते एक तिकीट.

लिहिणारे गृहस्थ उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड गावातले, टपालखात्यातून निवृत्त झालेले. इंग्रजी त्यांचीही परकी भाषा आणि माझीही, त्यामुळे पत्रं छोटी आणि स्वच्छ असायची. त्यांनी लिहिलं की धक्क्यावर माझ्याकडून ‘हो’ झालं, ते मी म्हटलेलं नाही, कृपया पाहावं. मी नोंद उघडली. प्रश्न आला, दोन सेकंदांत ‘हो’ दाबलं गेलं होतं. त्याआधी ‘हो’, ‘नाही’, ‘हो’, ‘नाही’ अशी बरीच चुळबूळ. यंत्र ठीक, जोडणी ठीक. मी मनात म्हटलं, घाईचा माणूस. तयार उत्तर पाठवलं, ‘आमच्या नोंदीनुसार ही निवड आपणच केली आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. बटण मी दाबलं हे मला मान्य आहे, पण निवड मी केली नाही. मी दुसरं तयार उत्तर पाठवलं. ते पहिल्यासारखंच असतं, फक्त त्यात ‘समजू शकतो’ हा शब्द जास्त असतो.

तिसरं पत्र असं होतं, “हात माझा होता. निर्णय माझा नव्हता. त्याला द्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलंच नव्हतं. यापुढे आपल्याला त्रास देणार नाही.”

मला ते अलंकारिक वाटलं. गेम खेळणाऱ्यांत असं लिहिणारे असतात. मी तिकीट बंद केलं. बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला विचारलं जातं की सेवा कशी वाटली. त्यांनी चांगली अशी खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, उत्तर देणारी व्यक्ती सौजन्याने वागली.

साधारण पाच आठवडे गेले. एका दुपारी पप्पा पडवीत आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. हातात त्यांचा मोबाइल. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आईने आमच्या बोलीतली लग्नाची गाणी म्हटली होती, ती कुणीतरी मोबाइलवर घेतली होती. पप्पा रोज दुपारी जेवण झाल्यावर ती ऐकायचे. आज ऐकून झाल्यावर बंद करताना कुठेतरी बोट लागलं, मोबाइलने विचारलं, काढून टाकायचं का, आणि आता ती गाणी कुठेच सापडत नव्हती.

मी विचारलं, “मग तुम्ही हो का म्हटलंत?”

पप्पा म्हणाले, “मी नाहीच म्हणत होतो. बोटाने हो म्हटलं.”

मी मोबाइल हातात घेतला. काढून टाकलेल्या गोष्टी तीस दिवस एका कोपऱ्यात पडून राहतात, तिथे ती होती. दोन मिनिटांचं काम. आईचा आवाज सुरू झाला. पप्पा खुर्चीत बसले आणि उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. तरी तो हलत होता.

मी रोज त्यांच्याबरोबर जेवत होते. अर्धाच कप चहा घालायला सांगायचे, मला वाटायचं साखरेची काळजी घेतायत. मिस्सात हात खिशात असायचा. कोमुनियनची पवित्र भाकर बरीच वर्षं हातावर घेत होते, ती वर्षभरापासून पुन्हा जिभेवर घेऊ लागले होते. मला वाटलं, म्हातारपणी जुनं वळण परत येतं. इतकं सगळं मी पाहिलं होतं आणि प्रत्येकाला एकेक कारण देऊन बंद केलं होतं.

डॉक्टरांनी नंतर कंपवात सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. ते पुढचं. त्या दुपारी पप्पा गाणं ऐकत बसले आणि मी माझ्या टेबलाशी आले, आणि ते टपालखात्यातले गृहस्थ आठवले.

नोंद पुन्हा उघडली. दोन सेकंदांत ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये अकरा फेऱ्या. एवढ्या वेगाने कुठल्याच माणसाचं मन बदलत नाही. विचार करणारा माणूस थांबतो. खोटं बोलणारेसुद्धा थांबलेले मी पाहिले होते. हा माणूस थांबायला गेला होता आणि त्याच्या हाताने त्याला थांबू दिलं नव्हतं. मग मी त्यांच्या आधीच्या नोंदी पाहिल्या. सगळीकडे तेच. साधं दार उघडायला चार-चार वेळा. असं करत करत ते सात महिने चालून त्या धक्क्यापर्यंत पोचले होते. त्यांनी आजाराचं नाव घेतलं नव्हतं, आणि घ्यायची गरज नव्हती. त्यांनी जे होतं तेच लिहिलं होतं.

तारीख मोजली. एकेचाळिसावा दिवस, गुरुवार. प्रत पुसली जायला चार दिवस होते.

प्रत परत बसवायचा फॉर्म माझ्याच हातात असतो. त्यात कारण निवडायचं असतं. यंत्रदोष या चौकटीत खूण केली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. तपासणीत सापडलं असतं तर ताकीद मिळाली असती, फार तर मला परत बॅगांवर बसवलं असतं. मी त्या चौकटीपर्यंत गेले. पण ते खोटं होतं, आणि मी इतकी वर्षं लोकांना खोटं बोलू नका असं सांगत होते. शिवाय मला वाटलं, खरं कारण इतकं उघड आहे की कुणीही हो म्हणेल.

मी सुप्रियाला फोन लावला. तिने सगळं नीट ऐकलं, नोंदही पाहिली. मग म्हणाली, “ताई, मला समजतंय. पण मॅन्युअलमध्ये हात थरथरणं नाहीये. मी अप्रूव्ह नाही करू शकत. तुम्ही खरं ते लिहून द्या, मी आत्ता वर पाठवते.”

तिने खरंच तेव्हाच पाठवलं. मी एक पान लिहिलं होतं. नोंदीतल्या अकरा फेऱ्या, त्यांची तिन्ही पत्रं, आणि शेवटी एक सूचना, की अशा प्रश्नाला एका स्पर्शात उत्तर घेऊ नये. शुक्रवारी उत्तर आलं नाही. शनिवार-रविवार कंपनीचं परदेशातलं ऑफिस बंद. रविवारी मिस्सात मी कशासाठी प्रार्थना करते आहे हे मला शेजारणीला सांगता आलं नसतं. सोमवारी दुपारी उत्तर आलं, विनंती नियमात बसत नाही, सूचना संबंधित विभागाकडे दिली आहे. मी फॉर्म उघडून पाहिला. प्रत सकाळीच पुसली गेली होती.

माझ्या नोकरीतलं कुठलं एक काम फिरवता आलं असतं तर, असं कुणी विचारलं तर मी गुरुवारची ती चौकट सांगेन. मी खूण करायला हवी होती. पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नियम पाळलास, त्यात तुझं पाप नाही. पाप नसेल. पण सात महिने चालत आलेल्या माणसाला मी नियम दाखवला आणि दार बंद व्हायची वाट पाहत बसले.

सोमवारी मी त्यांना पत्र लिहिलं. तयार उत्तरांशिवाय गिऱ्हाइकाला लिहायचं नसतं. मी लिहिलं की तुमचं म्हणणं बरोबर होतं, मला ते उशिरा कळलं, आणि कळल्यावरही माझ्या हातून झालं नाही. माझ्या वडिलांच्या हाताबद्दलही दोन ओळी लिहिल्या.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. “आपल्या वडिलांना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, कप भरूनच घ्या, सांडला तर सांडला. मी खेळ पहिल्यापासून सुरू केला आहे. इथे हिवाळा लांब असतो. काल ब्रदर मठाच्या दारात भेटला. त्याने मला ओळखलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं.”

मी पप्पांना निरोप दिला. ते म्हणाले, त्यांना म्हणावं, सांडलेलं पुसायला तूच असतेस म्हणून. ते मी कळवलं नाही, कारण माझ्या त्या पत्राबद्दल मला ताकीद आली आणि मला पाच महिने बॅगांवर बसवलं गेलं.

परत आले तेव्हा गेमची नवी आवृत्ती आली होती. बदलांच्या लांबलचक यादीत खाली एक ओळ होती. महत्त्वाच्या प्रश्नांना उत्तर देताना बटण तीन सेकंद दाबून धरावं लागेल. मध्ये सुटलं तर उत्तर धरलं जाणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून हे केलं ते यादीत लिहीत नाहीत. सुप्रियाने ती ओळ मला पाठवली. त्या दिवशी माझ्यापुढे सत्तर तिकिटं होती, आणि त्यातली बरीचशी अशी, की आता एवढा वेळ बटण का धरायला लावता.

गेल्या वर्षी आमचं खातं बंद झालं. आता तिकिटांना यंत्रच उत्तरं देतं. मी वाचली आहेत, वाईट नसतात. आमची तयार उत्तरंच त्यात वितळवलेली आहेत, ‘समजू शकतो’ सकट. सुप्रियाला दुसरीकडे काम मिळालं. मला वय विचारलं गेलं आणि मी फार धडपड केली नाही. खरं सांगायचं तर मला ‘नाही’ म्हणायचा कंटाळा आला होता.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिकिटं संपली. रात्री नऊला आमचे पासवर्ड बंद होणार होते. काही कारण नसताना गिऱ्हाइकाची नोंद उघडायची नसते, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. मी त्यांचा नंबर टाकला.

ते धक्क्यावर पोचले होते, तीन आठवड्यांपूर्वी. त्या वेळी दुसऱ्यांदा प्रश्न त्यांच्या पडद्यावर आला होता. त्यानंतर चार मिनिटं नोंदीत काहीच नव्हतं, एकही हालचाल नाही. मग बटण दाबलं गेलं आणि सुटलं. पुन्हा दाबलं गेलं, पुन्हा सुटलं. असं सहा वेळा. सातव्या वेळी ते पुरते तीन सेकंद धरलेलं होतं.

उत्तर ‘हो’ होतं.

मी त्यांच्या नावावर नवी तक्रार आली आहे का ते पाहिलं. आली नव्हती.